मोटारीचं बिल

संपादकांनी यंदा ‘हिशेब’ हा विषय दिला तेव्हा आधी डोळ्यांसमोर आली मुंबई महापालिका. २०२५-२६चं तिचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं, देशातल्या काही छोट्या राज्यांपेक्षाही मोठं. पण मला जे बघायचं होतं ते एवढ्या आकड्यात सापडलं नसतं. वर्षाच्या सुरुवातीला एखादी संस्था ठरवते की यंदा एवढे पैसे येतील आणि एवढे जातील. मग बारा महिने ते गणित हाताबाहेर जाऊ नये म्हणून रोज कोण काय करतं? कुठली वही उघडतं, कुणाला नाही म्हणतं, कुणाकडे पैसे मागायला जातं? हे जवळून बघायचं तर संस्था लहान हवी आणि तिच्याकडे पैसा बेताचा हवा.

म्हणून मी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेलो. ऊस आणि सोयाबीनचा पट्टा, वस्ती चार हजारांच्या आसपास, गावठाणाबाहेर दोन वाड्या. गावाचं नाव मी देणार नाही. तिथल्या माणसांनी वह्या, थकबाकीच्या याद्या आणि आपल्या काळज्या मोकळेपणानं माझ्यासमोर ठेवल्या. त्या मोकळेपणाचा त्यांना त्रास होऊ नये.

ग्रामसेवकाला महाराष्ट्रातली गावं भाऊसाहेब म्हणतात. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव आलं, तरी हाक तीच राहिली. या गावात ते काम एक बाई करतात, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. सरपंचही बाई आहेत, त्या सरपंचताई.

नमुना एक

ग्रामपंचायतीचा सगळा कारभार नमुन्यांत चालतो. २०११च्या लेखासंहितेनं १ ते ३३ नमुने ठरवून दिले आहेत. घरावर कर्ज काढायला निघालेला माणूससुद्धा ‘आठचा उतारा द्या’ असं सहज म्हणतो, कारण नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद. ९ म्हणजे कराची मागणी, १० म्हणजे पावती. अंदाजपत्रक हा नमुना १. गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षाला काय मंजूर आहे आणि पुढच्या वर्षी काय धरलं आहे, हे त्यात शेजारी शेजारी येतं. हिवाळ्यात हा कागद तयार होतो, पंचायतीच्या सभेत मंजूर होतो आणि पंचायत समितीकडे जातो.

बहुतेक गावांचं गणित या कागदावरच चुकतं, तेही खर्चाच्या बाजूला नाही, जमेच्या बाजूला. समजा एखाद्या गावाची चालू वर्षाची घरपट्टी, दिवाबत्ती, सफाई आणि पाणीपट्टी मिळून मागणी १० लाख आहे आणि मागची थकबाकी ४ लाख आहे. नमुना ९ प्रमाणे मागणी झाली १४ लाख. गावात खरोखर वसूल होतात ९ लाख. अंदाजपत्रकात जमेला १४ लिहिले की खर्चालाही १४ लाखांची जागा होते. सदस्यांच्या वॉर्डातली कामं त्यात बसतात, सभा खेळीमेळीत संपते. पण त्यातल्या ५ लाखांच्या खर्चाला मंजुरी आहे आणि पैसा नाही. मग कुणाचं बिल थांबवायचं हे जो दारात जास्त वेळा येतो त्याच्यावर ठरतं. विजेचं बिल दारात येत नाही, म्हणून तेच मागे राहतं.

मॅडमनी रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी हे मोडलं. गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली काढली आणि त्यातल्या सगळ्यात कमी आकड्यावर खर्च बसवला. ‘मागणी म्हणजे जमा नव्हे,’ त्या म्हणाल्या. ‘जास्त आले तर पुरवणी करता येते. कमी आले तर मी कुणाचा पगार कापू?’ सदस्य नाराज झाले. गटारीचं काम कशातून करायचं, असा प्रश्न आला. सरपंचताईंनी त्या वेळी मॅडमची बाजू घेतली. हे सोपं नव्हतं, कारण मतं मागायला सरपंचांना जावं लागतं, मॅडमना नाही.

त्या कमी धरलेल्या आकड्यातूनही काही वाटे आधीच ठरलेले असतात. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. उत्पन्नाचा पाव टक्का जिल्हा ग्रामविकास निधीला. हे वाटे मार्चवर ढकलले की शेवटच्या आठवड्यात मिळेल ती वस्तू घेऊन वाटली जाते आणि नोंद पूर्ण होते. इथे ते दर तिमाहीला वेगळे काढले जातात. दिव्यांगांचे पैसे दिवाळीच्या आधी त्यांच्या खात्यावर जातात, हे मला गावातल्या एका लाभार्थ्यानंच आपणहून सांगितलं. मला तरी चांगल्या कारभाराची ही सगळ्यात नेमकी खूण वाटते: ज्यांचा आवाज सभेत सगळ्यात लहान, त्यांचा वाटा वेळेवर निघतो का?

बंधित, अबंधित

गावात पैसा दिसतो तो मात्र या स्वतःच्या उत्पन्नातला नसतो. नवे पेव्हर ब्लॉक, अंगणवाडीची रंगीत भिंत, कचऱ्याची घंटागाडी, हे सगळं येतं अनुदानातून, मुख्यतः वित्त आयोगाच्या. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये ठरवले. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के थेट ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. पैसा लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बघून येतो, त्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही. गावांच्या इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे.

पण त्याला दोरी बांधलेली आहे. त्या पाच वर्षांत ६० टक्के ‘बंधित’ निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा होता. ४० टक्के ‘अबंधित’ गावाच्या गरजेप्रमाणे, तोही पगार आणि आस्थापनेवर नाही. काम आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं पाहिजे, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलं पाहिजे, आणि पैसे सुटतात ते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीनं. दोघांची सही लागते हे चांगलंच आहे. त्यामुळे रोख पैशाचा आणि कोऱ्या चेकचा जमाना मागे पडला.

अडचण वेगळी आहे. बँकेच्या एका खात्यात लाखो रुपये पडून असतात आणि शेजारच्या ग्रामनिधीच्या, म्हणजे गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या, खात्यात शिपायाच्या पगाराला पैसे नसतात. गावकऱ्यांना हे समजावणं मॅडमना सगळ्यात जड जातं. ‘पंचायतीकडं पैसा हाय, पण द्यायचं न्हाई’ असं चावडीवर बोललं जातं, आणि बोलणाऱ्यानं ई-ग्रामस्वराजवरचा आकडा मोबाइलवर खरोखर पाहिलेला असतो.

२०२१ मध्ये महावितरणनं थकबाकीसाठी अनेक गावांतल्या पथदिव्यांची वीज तोडली आणि राज्य सरकारनं ही बिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरायला सांगितलं, तेव्हा सरपंचांनी मोठा विरोध केला. विकासाचा पैसा बिलात का घालायचा, हा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: दिवे बसवताना बिलाची तरतूद कुठे होती? खांब उभा करायला योजना असते. तो रोज रात्री पेटता ठेवायला योजना नसते. तो खर्च गावानं स्वतःच्या वसुलीतून करायचा असतो. शाळाखोली, व्यायामशाळा, आरओ प्लांट, सगळ्यांचं तेच. नारळ फुटतो त्या दिवशी एक नवा चालू खर्च गावाच्या गळ्यात पडतो, आणि उद्घाटनाच्या भाषणात त्याचा उल्लेख होत नाही. अंदाजपत्रक कोलमडतं ते बहुतेक वेळा इथे.

हे फक्त गावाचं नाही. मुंबईच्या त्या ७४,४२७ कोटींतले निम्म्याहून अधिक भांडवली कामांचे होते. बांधलेलं सगळं पुढे महसुली खर्चात येणार आहे, दर वर्षी.

जॅकवेलवर

गावाचं पाणी नदीकाठच्या जॅकवेलमधून येतं. तिथून पंधरा एचपीची मोटार ते टेकाडावरच्या टाकीत चढवते आणि टाकीतून वॉर्डावॉर्डाला सुटतं. हे काम आप्पा करतात. पदाचं नाव पाणीपुरवठा कर्मचारी, गावात ‘पाणी सोडणारे आप्पा’. ते पहाटे साडेचारला घराबाहेर पडतात, कारण उशिरा सोडलं तर शेवटच्या वाडीला पाणी पोचायच्या आत मोलमजुरीला जाणाऱ्या बायका निघून गेलेल्या असतात.

मी गेलो त्या पहाटे आप्पा स्टार्टरच्या पेटीसमोर उभे होते. व्होल्टमीटरचा काटा पाहिला, थांबले, पुन्हा पाहिला. ‘दाब कमी हाय. आत्ता बटन दाबलं तर चालू हुईल, पर तापंल. धा मिनिटं थांबू.’ ही दहा मिनिटं थांबायची सवय पंचायतीसाठी किती मोलाची आहे, हे मला नंतर वह्या बघताना कळलं. मागे कधी तरी घाईत मोटार चालवली, जळाली, उपसून वायंडिंगला नेली. क्रेनचं भाडं, वायंडिंग, नवी केबल आणि तोवर टँकर असा सगळा खर्च एका आठवड्यात झाला होता आणि त्या वर्षीच्या दुरुस्तीच्या तरतुदीपेक्षा जास्त होता. वर्ष सुरू होऊन जेमतेम महिना झालेला.

हा योगायोग नव्हे. मोटारी एप्रिल-मेमध्येच जळतात. नदीची पातळी खाली गेलेली असते, विजेचा दाब कमी असतो, पाण्याची मागणी वाढलेली असते, मोटार जास्त तास चालते. आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होतं. नव्या वर्षाच्या घरपट्टीची बिलं तेव्हा अजून घरोघर पोचलेली नसतात, अनुदानाचा हप्ता कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणजे गावाच्या खर्चाची सगळ्यात मोठी चढण आणि खात्यातला सगळ्यात मोठा खड्डा एकाच वेळी येतात. वर्षाची बेरीज-वजाबाकी कागदावर कितीही नीट जुळलेली असो, मेमध्ये पैसे नसतील तर गाव कोरडं राहतं.

मोटार सुरू झाली आणि आप्पा मला टाकीच्या वाटेवर घेऊन गेले. वाटेत एका शेताच्या बांधाजवळ गवत जरा जास्तच हिरवं होतं. त्यांनी पायानं माती दाबली, बूट भिजला. ‘ही गळती. वरनं दिसत न्हाई. पर टाकी भरायला आता दोन तास जादा लागत्यात.’

हे दोन तास मी कागदावर मांडून पाहिले. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पंधरा एचपीची मोटार तासाला अकराच्या वर युनिट खाते. दोन तासांचे झाले बावीस. वर्षाला आठ हजारांच्या वर. युनिटला ७ रुपये दर धरला तर छप्पन्न हजार रुपये. गावात वर्षाची पाणीपट्टी १,२०० रुपये आहे. म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस कुटुंबांनी प्रामाणिकपणे भरलेली वर्षभराची पट्टी त्या हिरव्या गवताखाली मुरत होती. पाणी गेलं ते वेगळंच.

आप्पांनी ही गळती पावसाळ्याच्या आधीच तोंडी सांगितली होती. लेखी कुठेच नव्हती, म्हणून सभेपुढे आली नाही. मॅडमनी तेव्हापासून एक साधी गोष्ट सुरू केली. पंपघरात एक शाळेची वही टांगली. मोटार किती वाजता चालू, किती वाजता बंद, मीटरचा आकडा काय. आप्पा रोज तीन आकडे लिहितात. महिनाअखेरीला मॅडम ते तास आधीच्या महिन्याशी ताडून बघतात. तास वाढले आणि वस्ती तेवढीच असेल तर जमिनीखाली काहीतरी बिघडलं आहे. लेखासंहितेच्या तेहतीस नमुन्यांत ही वही कुठेच बसत नाही. विजेच्या बिलावर लक्ष ठेवायचं याहून चांगलं साधन मात्र मला तिथे दिसलं नाही, कारण बिल महिन्यानं येतं आणि वही रोज बोलते.

उसाचं बिल, घरपट्टीचं बिल

खर्च दररोज होतो, वसुली मोसमी असते. ऊस पट्ट्यात कारखान्याचं बिल खात्यावर आलं की घरोघर पैसा असतो. कायद्यानं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे ठरलेली किमान किंमत, मिळायला हवी. ती लांबली की घरपट्टीही लांबते. सोयाबीनवाल्यांचं दिवाळीच्या आगेमागे. नोकरीवाले मार्चमध्ये भरतात, बाहेरगावचे गणपतीला किंवा जत्रेला आले की. हे सगळं माहीत असलेला वसुली करणारा शिपाई आणि नसलेला यांच्या पावती पुस्तकांत फार फरक पडतो.

सरकारनं यासाठी एक गाजर आणि एक काठी ठेवली आहे: सप्टेंबरअखेरपर्यंत भरला तर करात ५ टक्के सूट, थकवला तर ५ टक्के दंड. ही सूट लोकांपर्यंत पोचवायची तर बिल एप्रिल-मेमध्ये हातात पडलं पाहिजे. अनेक गावांत ते डिसेंबरनंतर पडतं, म्हणजे सूट कागदावरच राहते आणि सगळा भार मार्चवर येतो. या गावात बिलं मेअखेर वाटली जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकरावी-बारावीची मुलं घरोघर जातात. पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या त्या पैशावर पंचायतीचे पुढचे तीन महिने निघतात.

थकबाकीदारांचं काय? नोटीस, जप्ती, नळ तोडणं हे सगळे अधिकार पंचायतीला आहेत आणि ते वापरणं सगळ्यात अवघड आहे, कारण थकबाकीदार कुणाचा तरी चुलता असतो. त्यापेक्षा राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस चालते. न्यायालयाचा कागद आला की माणूस चर्चेला येतो, हप्ते ठरतात, भांडण होत नाही. दुसरी वेळ निवडणुकीची. पंचायतीनं बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य होण्यास अपात्र ठरतो, आणि निवडून आलेल्याचं पदही त्यावर जाऊ शकतं. उमेदवारी भरायच्या आठवड्यात पावती पुस्तक संपतं, असं शिपायानं सांगितलं. पाच वर्षांतून एकदा.

वसुली कमी झाली तर आणखी एक फटका बसतो. पंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला शासनाचा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला आहे. ही अट काढावी म्हणून कर्मचारी संघटना वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. गावानं घरपट्टी भरली नाही म्हणून पहाटे साडेचारला उठणाऱ्या आप्पांचा पगार का कमी व्हावा? वसुलीची जबाबदारी पदाधिकाऱ्यांची आहे. ती सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या पोटावर बांधणं अन्याय आहे.

मासिक सभा

मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर ‘मागील महिन्याच्या जमा-खर्चास मंजुरी देणे’ हा विषय सगळीकडेच असतो. बहुतेक ठिकाणी तो एका वाक्यात उरकतो: वाचून दाखवला, सर्वानुमते मंजूर. इथे त्याला पाऊण तास लागला.

मॅडमनी प्रत्येक सदस्यापुढे एक पान ठेवलं. पानावर पाचच बाबी होत्या: पाण्याची वीज, दिव्यांची वीज, पगार, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरसह पाण्याची देखभाल, किरकोळ दुरुस्ती. प्रत्येकीपुढे तीन आकडे होते: वर्षाची तरतूद, आजवर झालेला खर्च आणि उरलेले महिने चालवायला लागणारी रक्कम. तिसरा आकडा महत्त्वाचा. मंजूर रकमेतून झालेला खर्च वजा करून उरलेलं सांगितलं की माणसाला वाटतं अजून बरंच शिल्लक आहे. लागणारी रक्कम समोर आली की सदस्यांना उरलेले महिने दिसतात.

दिव्यांच्या ओळीत गोंधळ होता. गेल्या तीन महिन्यांचं बिल एकसारखं आलं होतं, म्हणजे मीटर न वाचता सरासरीनं आकारलेलं. एका सदस्यानं सांगितलं की त्यांच्या गल्लीतले दिवे सकाळी नऊपर्यंत चालू असतात, बंद करणारा मुलगा पुण्याला कामाला गेला. टायमर बसवायचा ठराव झाला. पैसे कशातून, यावर चर्चा झाली. किरकोळ दुरुस्तीतून काढले तर उन्हाळ्यातल्या मोटारीला हात लागेल. शेवटी अंदाजपत्रकातल्या बैठकभत्ता आणि सत्कार-समारंभाच्या ओळीतून रक्कम वळवायचं ठरलं. एका बाबीतली तरतूद दुसरीकडे न्यायची तर त्यासाठी नमुना २ आहे, पुनर्विनियोजनाचा. ठराव झाला, नोंद झाली. एका ज्येष्ठ सदस्याला सत्काराचे पैसे कमी झाल्याचं आवडलं नाही. त्यांनी तसं बोलून दाखवलं, आणि इतिवृत्तात तेही लिहिलं गेलं.

या पाऊण तासात कुणी भाषण केलं नाही. प्रत्येक आकड्याला एक जागा आणि एक माणूस होता: हा दिवा, तो व्हॉल्व्ह, अमक्याची थकबाकी. अंदाजपत्रक ताळ्यावर राहतं ते अशा बैठकीत, वर्षाचे सहा महिने उरलेले असताना. फेब्रुवारीत तोच कागद उघडला तर करण्यासारखं फारसं उरत नाही.

मार्चची शिल्लक

खर्चावर वर्षभर लक्ष ठेवायचं हे काम राज्य सरकारही मोठ्या मापात करतं. अर्थसंकल्पात मंजूर झालेली रक्कम खात्यांना एकदम मिळत नाही. वित्त विभाग ती ‘बीम्स’ या संगणक प्रणालीतून टप्प्याटप्प्यानं सोडतो. वर्षाच्या मध्ये चारमाही आणि आठमाही अंदाज मागवले जातात, कमी पडलं तर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो. त्यामुळे कोषागारात मार्चच्या शेवटच्या रात्री बिलांचे ढीग लागतात, आणि ‘पैसा परत जाऊ देऊ नका’ ही हाक वरपासून खालपर्यंत ऐकू येते.

गावाच्या स्वनिधीला मात्र हा नियम लागू नाही. घरपट्टीचे पैसे ३१ मार्चला कुठेही परत जात नाहीत. तरी मार्च आला की सदस्यांच्या मनात तीच घाई उतरते: शिल्लक दिसली तर खर्च करून टाका. मॅडमचं वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण मार्चमध्ये होतं आणि ते खर्च थांबवण्यासाठी होतं. एप्रिल, मे, जूनची वीज, तीन पगार आणि एका मोटारीची दुरुस्ती एवढी रक्कम पाणीपुरवठ्याच्या आणि ग्रामनिधीच्या खात्यांत मिळून शिल्लक ठेवल्याशिवाय त्या मार्चमध्ये एकही नवं काम पुढे सरकू देत नाहीत. शासनाच्या नजरेत शिल्लक म्हणजे नाकर्तेपणा. गावाच्या पाण्यासाठी ती शिल्लक म्हणजे मे महिना. या एका फरकाचं प्रशिक्षण प्रत्येक नव्या सरपंचाला पहिल्या महिन्यात मिळालं पाहिजे, असं मला वह्या बघताना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

दर किती?

ग्रामसभेला मी थांबलो, कारण विषय मोठा होता. जलजीवन मिशनचं काम गावात पूर्ण होत आलं आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली ही योजना प्रत्येक घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याची आहे. चार हजार वस्तीला म्हणजे रोज दोन लाख वीस हजार लिटर. नवी टाकी, नवी पाइपलाइन, वाड्यांनाही नळ. ठेकेदाराला योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करायची आहे. एकदा सही झाली की वीज, दुरुस्ती, शुद्धीकरण सगळं गावाचं.

सरपंचताईंनी ठेवलेला प्रस्ताव स्पष्ट होता. पाणीपट्टी महिन्याला १०० वरून १२० रुपये करावी. नवी मोटार जास्त तास चालणार, वाड्यांचा उंचवटा वेगळा, तिथे स्वतंत्र पंप लागणार. हे सगळं फळ्यावर लिहिलेलं होतं.

विरोध लगेच झाला. ‘आवंदा कारखान्यानं बिल उशिरा दिलं, आन् तुम्ही पट्टी वाढवताय?’ एकानं छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचं उदाहरण दिलं, तिथे पूर्ण कर भरणाऱ्यांना दळण फुकट मिळतं. मॅडम म्हणाल्या, तिथे आधी लोकांनी कर भरला, दळण नंतर सुरू झालं. दुसऱ्यानं कराडशेजारच्या मलकापूरचं नाव घेतलं: तिथे मीटरनं चोवीस तास पाणी मिळतं आणि जास्त वापरणाऱ्याला जास्त दर पडतो. सरसकट १२० रुपये कशाला? माझ्या घरात दोघं, त्याच्या घरात जनावरांचा गोठा आणि गाड्या धुवायचा पाइप, दोघांना एकच पट्टी? टाळ्या पडल्या. हा आक्षेप मला सगळ्यात सरस वाटला. पण मीटर बसवायला पैसा लागतो आणि ते वाचायला माणूस लागतो.

मग एक म्हातारी उठली. पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. ही त्यांपैकीच एक, शेवटच्या वाडीवरची. तिनं विचारलं, ‘वीस रुपय वाढलं तर मेमधी पाणी येणार का न्हाई, ते लिवून देता का?’

मॅडमनी हो म्हटलं नाही. त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले: १०० रुपयांत मोटार वर्षाचे किती महिने चालेल आणि १२० रुपयांत किती. दुसऱ्या आकड्यातही सगळे बारा महिने बसत नव्हते, आणि तो त्यांनी ओढूनताणून बाराही केला नाही. बाकीचं गळती काढून आणि वसुली वाढवून भरायचं आहे, असं सांगितलं.

तासाभरानं ठराव झाला तो असा. दर १२० होईल, पण दोन अटींवर. हस्तांतरणाच्या आधी पंचायत, समिती आणि आप्पा यांच्यासमोर सलग पंधरा दिवस नवी मोटार चालवून तिचे तास आणि युनिट मोजायचे. त्याशिवाय ताबा घ्यायचा नाही. आणि सभेत सदस्यांपुढे जे पाच ओळींचं पान ठेवलं जातं, ते दर महिन्याच्या पाच तारखेला चावडीच्या भिंतीवर आणि दोन्ही वाड्यांच्या देवळांत लावायचं. मीटरचा विषय पुढच्या ग्रामसभेवर ठेवला. सूचक म्हणून नाव लागलं त्या म्हातारीचं. अनुमोदन दिलं ते कारखान्याच्या बिलावरून भांडणाऱ्या गृहस्थांनी.